पट्ट्यांच्या गोधडीला पाया हवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत उरलेल्या कापडाच्या पट्ट्यांपासून गोधडी कशी शिवावी, याविषयीचा लेख आला आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्याने तो मी दोनदा वाचला आणि दुसऱ्या वाचनानंतर हे पत्र लिहायला बसले. लेखिकेने पट्ट्या एकमेकींना लांबीने जोडत जाव्यात, पुरेशी रुंदी झाली की खाली जुनी चादर लावून कडा दुमडाव्यात आणि एका दुपारी गोधडी पुरी करावी, असे सांगितले आहे. मी ठाण्यात नौपाड्यात 31 वर्षे शिवणकामाचे वर्ग चालवले. त्या काळात माझ्या आणि माझ्या विद्यार्थिनींच्या हातून जेवढ्या गोधड्या झाल्या, त्यावरून खात्रीने सांगते की या कृतीने शिवलेली गोधडी पहिल्या धुण्यानंतर अंथरण्याजोगी राहत नाही. लेखात राहून गेलेली गोष्ट एकच आहे, पण ती मुळाशी आहे: पट्ट्या एकमेकींना जोडण्याआधी त्या खाली धरलेल्या एखाद्या कापडावर शिवाव्या लागतात. हे पायाचे कापड नसेल, तर ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या शीर्षकातला पहिलाच शब्द तेवढा खरा ठरतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझ्या बहिणीच्या मुलाच्या बारशासाठी मी वर्गात साठलेल्या कात्रणांची गोधडी शिवायला घेतली, तेव्हा माझा हात मशीनवर बऱ्यापैकी बसलेला होता आणि त्यामुळेच विचार कमी झाला. चाळीसेक पट्ट्या मी एकीला एक अशा सरळ जोडत गेले. प्रत्येक शिवण वरून खाली, त्याच दिशेने घातली. विसाव्या पट्टीच्या सुमारास कापड धनुष्यासारखे वाकू लागले. मी इस्त्रीने ते ओढून सरळ केले, वरच्या कडेला उरलेला भाग कापून टाकला आणि गोधडी वेळेत पोहोचवली. बारशाला सर्वांनी कौतुक केले. पंधरा दिवसांनी बहिणीने ती धुतली आणि पिशवीत घालून, काही न बोलता, माझ्याकडे आणून दिली. सुती पट्ट्या आटल्या होत्या, साटिनच्या आटल्या नव्हत्या, त्यामुळे सगळीकडे भाजलेल्या पापडासारखे फुगे आले होते. दोन ठिकाणी शिवणीतून दशा बाहेर पडून बोट जाईल एवढी भोके पडली होती आणि लाल वॉईलचा रंग शेजारच्या पांढऱ्या पट्टीत उतरला होता. ती गोधडी मी उसवली नाही. पुढे दर वर्षी नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ती दाखवत असे.

असे का होते, हे कापडाच्या विणीत आहे. हातमागावरचे असो वा गिरणीतले, कापड ताण्याच्या म्हणजे लांबीच्या दिशेने सर्वांत कमी ताणले जाते, बाण्याच्या म्हणजे रुंदीच्या दिशेने थोडे अधिक आणि तिरके, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेने, सर्वांत जास्त. अखंड साडी किंवा चादर अंथरली की ताणा सगळीकडे एकाच दिशेने जातो. पण कात्रण हे उरलेले कापड असते. ब्लाऊज बेतताना बाही, कटोरी आणि पाठ कापून झाल्यावर जे कोन आणि पट्ट्या राहतात, त्यांतली एक उभ्या धाग्यात असते, दुसरी आडव्या, तिसरी उरेब. अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या की तिघी तीन प्रकारे ताणतात. हात कितीही सरळ असला तरी त्या शिवणीला चुण्या येणारच, कारण दोष हाताचा नाही. पायाचे कापड एकाच धाग्यात कापलेले असते आणि प्रत्येक पट्टी त्याला शिवली गेल्यामुळे तिची स्वतःची ओढ चालत नाही.

आपल्याकडच्या जुन्या गोधडीत हा प्रश्नच नव्हता, आणि लेखिकेची गफलत बहुधा तिथेच झाली असावी. घाटावरची वाकळ किंवा आजीची गोधडी म्हणजे विरलेल्या लुगड्यांचे आणि धोतरांचे अखंड थर एकावर एक घालून, कडेपासून मध्याकडे चौकोनात फिरत धावदोरा घातलेली वस्तू. तिच्यावर ठिगळे असत, पण ती थरांवर बसवलेली असत. तिथे थर आधी आणि तुकडा नंतर असतो. पट्ट्यांच्या गोधडीत वरचा थर संपूर्णपणे तुकड्यांचाच असतो, म्हणून तिची रीत वेगळी आहे.

तुकड्यांचा थर वापरणाऱ्या इतर परंपरा पाहिल्या तरी हेच दिसते. कोपरीच्या सिंधी वसाहतीतून माझ्या वर्गाला येणाऱ्या एका मुलीने आपल्या आजीची रल्ली, म्हणजे सिंधी गोधडी, दाखवायला आणली होती. रंगीत तुकड्यांची नक्षी खालच्या कापडावर बसवून मग सगळ्यांतून धावदोरा घातलेला होता. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया ‘कवंद’ नावाची गोधडी करतात. त्याही तळाला जुनी साडी घेतात, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने तुकडे लावत मध्याकडे सरकतात, आणि तुकडा बसवणारा टाकाच थर एकत्र बांधतो. अमेरिकेत 1930 च्या दशकातील मंदीत ग्रामीण घरांतून अशाच अरुंद पट्ट्यांच्या गोधड्या होत असत आणि तिथे पायाला कापड परवडत नसे तेव्हा, संपादक महोदय, आपल्याला गंमत वाटेल, जुन्या वर्तमानपत्राचा कागद घेत. पट्ट्या कागदावर शिवायच्या, चौकोन पुरा झाला की मागचा कागद फाडून काढायचा. मी हा प्रयोग केला आहे. तो होतो, पण टाका बारीक ठेवावा लागतो, म्हणजे कागद टाक्यांच्या रेषेवर नीट फाटतो. कागदाने सुई लवकर बोथट होते आणि छपाईची शाई फिक्या कापडाला लागते, त्यामुळे वर्तमानपत्राऐवजी पातळ कोरा कागद बरा. शिवाय कागद काढून टाकल्यावर आधारही जातो. आपल्याकडे प्रत्येक कपाटात जुनी सुती साडी असताना कागदाच्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

आता प्रत्यक्ष कृती, कारण नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. पट्ट्या पायाच्या लहान लहान चौकोनांवर शिवायच्या आणि मग ते चौकोन एकमेकांना जोडायचे. एका माणसाच्या गोधडीसाठी मी 70 चौकोन धरते: रुंदीत 7 आणि लांबीत 10. पायाचे कापड 9 इंचांच्या चौकोनांत, काटेकोर उभ्या-आडव्या धाग्यात कापावे. 45 इंच पन्ह्याच्या साडीत एका ओळीत असे 5 चौकोन बसतात, म्हणजे 14 ओळींना साडेतीन वार कापड लागते. सहावारी साडी सहसा मागच्या बाजूला, बसून बसून विरते आणि खालच्या कडेला फाटते. तो भाग वगळूनही साडेतीन वार सहज निघतात. साडी अगदी नवी नको आणि अगदी जीर्णही नको. दोन हातांनी ताणून पाहिल्यावर ‘चर्र’ आवाज आला तर ती फरशी पुसायला ठेवावी.

पहिली पट्टी चौकोनावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी, सुलट बाजू वर करून ठेवावी. ती सर्वांत लांब, सुमारे 13 इंच असावी लागते. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी, म्हणजे सुलट बाजूला सुलट बाजू लागेल अशी, कडा जुळवून ठेवावी आणि पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरची कड, सोडून तिन्ही कापडांतून शिवण घालावी. मग दुसरी पट्टी उघडून शिवणीवरून नख फिरवावे. इस्त्री चौकोन पुरा झाल्यावर केली तरी चालते, पण हे नख फिरवणे टाळू नये, नाहीतर घडी शिवणीत अडकते आणि पट्टी कमी रुंद दिसते. याच पद्धतीने एका कोपऱ्यापर्यंत जावे आणि मग मधल्या पट्टीच्या दुसऱ्या बाजूने दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्याजवळ दोन-तीन इंचांचा तुकडाही पुरतो, त्यामुळे डब्याच्या तळाशी राहिलेले ‘हे आता कशाला’ असे वाटणारे तुकडे तिथेच संपतात. शेवटी चौकोन पालथा घालून, पायाच्या कापडाच्या धाग्यावर मोजपट्टी ठेवून, तो साडेआठ इंचांवर कापावा. जोडताना दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया गेल्यावर तो 8 इंचांचा राहतो आणि 70 चौकोनांची 56 इंच रुंद आणि 80 इंच लांब गोधडी होते.

इथे पायाच्या कापडाचा दुसरा उपयोग कळतो. पट्ट्या तिरक्या लावल्या की चौकोनाच्या चारही कडांना त्यांची टोके तिरकीच कापली जातात, म्हणजे उरेब कड बाहेर येते आणि ती जोडताना ताणते. पाया सरळ धाग्यात असेल तर ती कड ताणता येत नाही. सत्तर चौकोनांचे कोपरे एकमेकांना जुळतात ते यामुळेच, आणि माझ्या विद्यार्थिनींना वर्षानुवर्षे ही गोष्ट सांगून पटली नाही तरी चौथी ओळ जोडताना आपोआप पटत असे. मधली पट्टी सर्व चौकोनांत एकाच रंगाची ठेवली, तर चार चौकोन जोडल्यावर त्यांतून बर्फीचा आकार उमटतो. बाकीचे रंग कितीही विस्कळीत असले तरी डोळा त्या बर्फीला धरून राहतो. मला स्वतःला मध्ये गडद निळा आवडतो. लालाचा मोह मी बारशाच्या त्या प्रकरणापासून सोडला आहे.

पट्ट्या निवडण्याबाबत लेखात ‘कोणतेही कापड’ असे लिहिले आहे, त्याला माझी हरकत आहे. ब्लाऊजचे टू बाय टू, पॉपलीन, केंब्रिक, जुने सुती शर्ट आणि चादरी ही एका घरातली माणसे. पॉलिएस्टर, साटिन, शिफॉन ही दुसऱ्या घरातली. सुती कापड आटते आणि कडक इस्त्री सोसते. पॉलिएस्टर आटत नाही आणि त्याच इस्त्रीने आक्रसते किंवा वितळते. दोन्ही घरांची कापडे एका चौकोनात आली की भांडण ठरलेले. हाताला कळत नसेल, तर कडेचा एक धागा काढून विस्तवाला लावून पाहावा: सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी होते. जरीची पट्टी दिसायला सुरेख असते, पण अंगाला टोचते आणि काही दिवसांनी काळी पडते. सूटिंगचे जाड कापड चांगले असले तरी सुतीच्या शेजारी नको. आमच्या ठाण्यात 1925 पासून रेमंडची लोकरी कापडाची गिरणी होती आणि त्या गिरणीत नोकरीला असलेल्यांच्या घरून माझ्या वर्गात सूटिंगची कात्रणे येत. त्यांची स्वतंत्र गोधडी झकास होते, पण पातळ केंब्रिकशेजारी शिवली की ती आपल्या वजनाने त्याला ओढते.

सर्व पट्ट्या आधी धुवाव्यात. कोऱ्या कापडातील खळ निघून जाते आणि जे आटायचे ते आधीच आटते. बारीक तुकडे मशीनमध्ये सुटे टाकले तर त्यांचा गुंता होतो, म्हणून ते उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधावे. गडद रंगाची पट्टी ओली करून पांढऱ्या रुमालावर चोळावी आणि रुमालाला डाग लागला तर ती बाजूला ठेवावी. ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसांविषयी मात्र थोडे वेगळे सांगावेसे वाटते. आपल्याकडे ओटीचा ब्लाऊजपीस या घरातून त्या घरात फिरत राहतो, कोणी शिवत नाही आणि कोणाला टाकवतही नाही. त्यांतले झिरझिरीत पॉलिएस्टरचे या कामाला उपयोगाचे नाहीत, पण जे सुती निघतील ते पट्ट्यांसाठी सरळ धाग्यात फाडता येतात आणि त्यांना कात्रीचीही गरज पडत नाही.

आतल्या भरावाबाबत एकच सूचना. ठाण्याच्या हवेत कापसाचा भराव किंवा चार थर नकोत. वर पट्ट्या, त्यांच्या मागे पायाचे कापड आणि खाली दुसऱ्या जुन्या साडीचे अस्तर एवढे तीन थर वर्षभर पुरतात आणि पावसाळ्यात वाळतातही. जाड गोधडी जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस दमट राहिली की तिला येणारा वास नंतर उन्हानेही जात नाही. अस्तरासाठी साडीचे 84 इंचांचे दोन तुकडे मध्ये जोडावे लागतात. तिन्ही थर जमिनीवर ताणून अंथरून कच्चे टाके घालावेत आणि मगच पक्के शिवावे. इथे हाताच्या धावदोऱ्याचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे आणि ते काही जणींना आवडणार नाही. पट्ट्यांच्या प्रत्येक शिवणीखाली मायेचे दोन पदर असतात, पायाचे कापड असते, अस्तर असते. सत्तर चौकोनांतून हाताची सुई ओढताना बोटे सोलवटतात आणि टाके वाकडे पडतात. त्यापेक्षा चौकोनांच्या जोडावर मशीनची सरळ शिवण घालावी, किंवा दर चार इंचांवर जाड दोऱ्याचा एक टाका घालून मागे घट्ट गाठ मारावी.

वेळेचा हिशेबही वाचकांसमोर असावा. सवयीच्या हाताला एक चौकोन 20 मिनिटे घेतो. सत्तर चौकोनांना 23 तासांहून अधिक लागतात आणि त्यात पट्ट्या धुणे, निवडणे, चौकोन जोडणे, अस्तर लावणे यांपैकी काहीच धरलेले नाही. ‘एका दुपारी’ हे शब्द वाचून कोणी सुरुवात केली, तर तिसऱ्या दिवशी अर्धे चौकोन पिशवीत जाऊन पिशवी माळ्यावर जाईल. आणि प्रदर्शनात अशी गोधडी विकायला ठेवणाऱ्या बाईला ‘चिंध्यांचे एवढे पैसे?’ असे विचारणाऱ्यांना बळ मिळेल, ही माझी खरी तक्रार आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतावरच्या कामाचे झिजलेले कपडे कापून गोधड्या करत आल्या आहेत. 2002 मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या आणि 2006 मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. तेही कापड फुकटच होते.

कात्रणे मिळवण्याविषयी लेखात काहीच नाही. घरात आठशे पट्ट्या निघत नाहीत, आणि दीड इंच रुंदीच्या पट्ट्या घेतल्या तर साधारण तेवढ्या लागतात. आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या एका ताईंकडे आठवड्याला एक पोते कात्रण निघते. ते घंटागाडीत सुक्या कचऱ्यात जाते, कारण सुती आणि पॉलिएस्टर एकत्र कोंबलेले असते आणि ते निवडायला कोणाला सवड नाही. मी त्यांच्या मशीनशेजारी दोन पिशव्या टांगल्या: एक सुतीची, एक बाकीची. कापतानाच तुकडा योग्य पिशवीत टाकायला त्यांना वेगळा वेळ लागत नाही, कारण कापड कोणते आहे हे त्यांच्या बोटांना आधीच माहीत असते. सुती पिशवी दर शनिवारी माझ्याकडे येते. नवी मुंबई महानगरपालिकेने बेलापूरला जुन्या कपड्यांच्या वर्गीकरणाचे केंद्र सुरू केले आहे. तिथेही कापड कशाचे आहे हे ओळखणे हेच मोठे काम असते. शिंप्याच्या मशीनपाशी ते काम दोन पिशव्यांत होते.

आपल्या पुरवणीत लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे शेवटी छापले आहे. त्यात पायाच्या कापडाचा उल्लेख व्हावा आणि ‘एका दुपारी’ हे शब्द मागे घेतले जावेत, ही विनंती. लेखिकेला उपयोग होणार असेल, तर मी एक पुरा चौकोन आणि एक अर्धवट, फक्त पाच पट्ट्या लावलेला, असे दोन नमुने आपल्या कार्यालयात पाठवते. अर्धवट चौकोनाचे मागच्या बाजूने छायाचित्र घेतले, तर पायाचे कापड आणि त्यावरच्या शिवणी स्पष्ट दिसतील. नमुने परत पाठवण्याची गरज नाही, फक्त त्यांतली निळी पट्टी ओली होऊ देऊ नये. तिची रुमालाची परीक्षा अजून व्हायची आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिवणकाम शिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)